मापबाबांची कफनी

भाच्यानं मामाची कफनी जाळली, ती पूर्णपणे सेवाभावानं.

वर डोंगरात पोचून त्याला जेमतेम तासभर झाला होता. मामा खोलीमागच्या नळाखाली आंघोळ करत होते. कफनी त्यांनी आधीच धुऊन दोरीवर टाकली होती. त्या उंचीवर ओलं कापड आधी गोठतं आणि मग सवड मिळाली तर वाळतं. कफनीच्या दोन्ही बाह्या आडव्या ताठ झाल्या होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बस थांबवतंय. भाच्याचं मन भरून आलं. एवढ्या वर्षांनी मामा भेटतोय, नुसतं पाय पसरून काय बसायचं? त्यानं कफनी दोरीवरून काढली, खोलीत आणली आणि लोखंडी शेगडीच्या धुराड्यावर ऐसपैस पसरली. मग समाधानानं भिंतीला पाठ टेकली. आदली रात्र बसमध्ये गेली होती, त्यामुळे पाठ टेकली आणि डोळे मिटले. यात त्याचं काही चुकलं असं त्याला अजूनही वाटत नाही. चुकलं ते धुराड्याचं.

जाग आली ती वासानं. खोलीत निळसर धूर कोंदला होता, कफनीची उजवी बाजू धुराड्याला डिंकासारखी चिकटली होती, आणि दारात घोंगडी पांघरून मामा उभे होते. दाढीतून पाणी ठिबकत होतं. एवढी वर्षं डोंगरात तप केलेला माणूस. आता हा कमंडलू उचलणार आणि आपला बेडूक तरी करणार, अशा तयारीनं भाच्यानं अंग चोरलं.

मामा पुढे आले. नाक वर करून त्यांनी दोनदा हुंगलं. जळक्या कडेचा एक धागा तोडून चिमटीत चोळला.

"मिक्स आहे," मामा म्हणाले.

"काय?"

"कापड. सूत जळलं की कागदासारखा वास येतो, राख भुरभुरते. ही बघ, गोळी झाली. देणारा गळ्याला हात लावून सांगत होता, शुद्ध सुती म्हणून."

"मामा, माझ्याकडून फार मोठी..."

"चहा घेणार का?" मामांनी विचारलं.

डोंगरातल्या साधूनं कफनी जळाल्यावर आधी कापडाची जात ओळखावी, याचं नवल वाटायला नको. मामा मुळात टेलर. खाली शहरात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे भाच्याच्या आईचं, शिवणकामाचं दुकान. गाळा एवढा अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मामांना मशीनवरून उठून भिंतीला चिकटावं लागे. समोर कापायचं टेबल, त्याखाली चिंध्यांचं पोतं, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा आणि तिच्यात एक उभा आरसा. आरशाला मधोमध तडा होता, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक त्यात दोन भागांत दिसायचं आणि दोन्ही भागांबद्दल तक्रार करायचं. भिंतीवर आईच्या हस्ताक्षरातली पाटी: "आमच्याकडे शिवलेल्याच कपड्यांची दुरुस्ती होईल." ही पाटी म्हणजे दुकानाची घटनाच. दुसऱ्या टेलरचा टाका आई उसवत नसे आणि आपला टाका दुसऱ्याला उसवू देत नसे. मामानं शिवलेलं मामानं दुरुस्त करायचं, तिनं शिवलेलं तिनं. सख्ख्या भावानंसुद्धा मध्ये कात्री घालायची नाही.

वैराग्य माणसाला कुठं गाठेल सांगता येत नाही. कुणाला ते स्मशानात येतं, कुणाला ग्रंथ वाचून येतं. मामांना ते ट्रायलच्या पडद्याआड आलं. एका गृहस्थाचा कोट होता. गृहस्थ कोट घालायचे, आरशात वळायचे आणि म्हणायचे, "खांद्यात ओढतंय." मामा उसवायचे, सोडायचे, पुन्हा शिवायचे. गृहस्थ यायचे. "अजून जरा ओढतंय." असं किती वेळा झालं याचा हिशेब मामांनी सोडून दिला. शेवटी एकदा ते इतके दमले, की कोटाला हातसुद्धा न लावता त्यांनी तो तसाच हँगरवर ठेवला. गृहस्थ आले, कोट घातला, वळले आणि म्हणाले, "आता कसा झकास बसला."

सगळं जग हे न शिवलेल्या कोटासारखं आहे, असं काहीतरी मामांना त्या क्षणी दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेप खिळ्याला अडकवली, कात्री टेबलावर ठेवली आणि बहिणीला म्हणाले, "ताई, येतो."

ताई मशीनवर होती. मान वर न करता ती म्हणाली, "येताना काजाचा दोरा आण. काळा."

काजाचा दोरा काही आला नाही, आणि मामाही आले नाहीत. पुढे कुणाकडून तरी कळलं, की ते पार वर, रस्ता संपतो तिथं, साधू होऊन बसलेत. आईनं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. त्यानंतर घरात कुणी मामांचा विषय काढला की ती एवढंच म्हणायची, "दोरा आणायला गेलाय." आणि हे ती इतक्या थंडपणे म्हणायची, की विषय काढणाऱ्यालाच घाम फुटायचा. निरोप नाही, विचारपूस नाही. कडक अबोला.

तो अबोला मोडला मागच्या महिन्यात. भाचा सकाळी कामावर निघाला होता. तो गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी दिवसभर बसायचं, आणि तो समोरच्या भाजीच्या गाडीवर निघाला की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, हे त्याचं काम. या कामानं त्याच्या उजव्या पायाला अशी खोड लागलीय, की कुणी घाईनं बोलू लागलं तरी तो पाय दाबतो. आईनं त्याला दारात थांबवलं.

"वर जाऊन ये," ती म्हणाली. "त्याला तोंडावर विचार, कायमचा घरी येतोस का. हो की नाही, एवढंच. नाही म्हणाला तर गाळ्याची किल्ली शेजारच्या मोबाइलवाल्याला देऊन टाकते. तो कधीचा मागे लागलाय."

"पण दुकान तर चाललंय की."

"चाललंय कसलं. हल्ली सुयांची नेढी मेले लहान करायला लागलेत. एक दोरा ओवायला अर्धी सकाळ जाते."

भाच्याचा पाय जमिनीवर दाबला गेला. सुया पूर्वी होत्या तशाच आहेत हे त्याला ठाऊक होतं. पण आईसमोर हे बोलायची कुणाची छाती?

मग तिनं एक गाठोडं त्याच्या हातात दिलं. जाड कापडाचं, आणि गाठ नव्हे, चारी बाजूंनी टाके घालून शिवून टाकलेलं. "हो म्हणाला तर हे तसंच परत आण. नाही म्हणाला तर दे. मधल्या मध्ये उघडायचं नाही."

"आत काय आहे?"

"टाके मोजून ठेवलेत मी," आई म्हणाली.

तर असा हा भाचा, वळणावळणाला बसच्या रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत वर पोचला होता आणि आल्या आल्या मामाला उघडं पाडून बसला होता. कारण मामांना दुसरी कफनी नव्हती. होती ती मागच्या आठवड्यात एका नवख्या साधूला देऊन टाकली होती.

"मग नवी शिवा ना," भाचा म्हणाला. कोपऱ्यात हातानं फिरवायचं शिलाई मशीन होतं आणि शेजारी भगव्या कापडाचा गठ्ठा. "तुम्हाला काय, चुटकीसरशी होईल."

"स्वतःची स्वतः शिवायची नाही."

"का?"

"इथं आलो तेव्हा ठरवलं. अंगावर घालायचं ते कुणी देईल ते. मागायचं नाही, शिवायचं नाही. स्वतःसाठी शिवायला लागलो की उद्या कॉलर लावीन, परवा अस्तर."

"मग हे मशीन?"

मामांनी सुस्कारा सोडला. मशीनची कथा दुःखाची होती. मामा वर आले ते मापापासून पळून. कफनी म्हणजे कसं, काज नाही, बटण नाही, अस्तर नाही, ट्रायल नाही. अशा लोकांत आपण सुखानं राहू, असं त्यांना वाटलं. महिनाभर सुखानं राहिलेही. मग पलीकडच्या खोलीतल्या साधूची कफनी खांद्यावर फाटली आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, "बाहीचा मुंढा लहान कापलाय." झालं. डोंगरभर बातमी पसरली. एका भल्या गिर्यारोहकानं मशीन वाहून आणून दिलं. तेव्हापासून मामांचं नाव पडलं मापबाबा. ज्यांनी घरदार, जमीनजुमला, बायकामुलं सगळं सोडलं, असे लोक मामांच्या दारात येऊन सांगू लागले, की घोळ दोन बोटं वर हवा होता.

त्यांतले सर्वांत कठीण गिऱ्हाईक म्हणजे मौनीबाबा. देहानं भरगच्च, आणि बोलायचं नाही असं व्रत. ते प्रथम आले ते कुठल्या तरी शहरात शिवलेली कफनी घेऊन. ती दुरुस्त करायला मामांनी साफ नकार दिला, दुसऱ्याचा टाका. नवीन शिवून दिली. आणि तिथंच फसले. कारण नवी कफनी मामांची, म्हणजे तिची दुरुस्तीही जन्मभर मामांकडे. मौनीबाबा दर चार दिवसांनी येत, उजवा हात वर करत, डावा हात काखेखाली नेत, आणि चेहरा असा करत की दगडालाही कळावं, इथं काचतंय.

"तोंडानं बोलणारं गिऱ्हाईक परवडलं," मामा म्हणाले. "त्याचं बोलणं संपतं तरी."

एवढं झाल्यावर भाच्यानं आपली पिशवी उघडली. घोंगडीवर किती दिवस काढणार? पिशवीत जादा कपडे म्हणजे एक निळी ट्रॅक पँट आणि कामावरचा स्वेटशर्ट. मामांनी दोन्हींकडे पाहिलं.

"देतोस?"

"दिली," भाचा म्हणाला.

"मग घालतो."

मामांनी ते कपडे घातले. स्वेटशर्टच्या पाठीवर लाल ठळक अक्षरांत छापलं होतं: "शिकाऊ चालक. अंतर ठेवा." मामांना ते दिसलं नाही आणि भाच्यानं सांगितलं नाही.

तसेच दोघं चहाला निघाले. खोलीपासून खालच्या थांब्यापर्यंत दगडी पायऱ्यांची गल्ली होती. एका बाजूला पत्र्याच्या छपरांच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला दरी. थांब्याशी एका बाईंची चहाची टपरी होती. त्यांना सगळे मावशी म्हणत. मावशींनी किटली उचलली होती ती तशीच धरून ठेवली.

"बाबा, एवढे नटून कुठं? मुलगी बघायला निघालात काय?"

"कफनी जळाली," मामा म्हणाले.

"कुणी जाळली?"

"भाच्यानं."

"असं होय. आणि हे कपडे?"

"भाच्याचे."

मावशींनी भाच्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हुशार आहे हो पोरगा. आमच्याकडची साय खाणारी मांजरसुद्धा एवढ्या बेतानं काम करत नाही."

भाचा शपथा घेऊ लागला, पण कुणी ऐकेना. तेवढ्यात मौनीबाबा आले. त्यांनी मामांना समोरून पाहिलं. मग ते बाकावर बसले आणि त्यांचं सगळं अंग हलू लागलं. आवाज काही नाही. मौनात हसायला परवानगी आहे का, हे कुणी कधी ठरवलेलं नसावं. हसून झाल्यावर ते मामांच्या मागे गेले, पाठीवरची अक्षरं वाचली, आणि आज्ञाधारकपणे चार पावलं मागे सरकून उभे राहिले.

पुढचे दोन दिवस मामा त्याच अवतारात वावरले. पहाटे उठून ध्यानाला बसले, ते ट्रॅक पँटमध्ये. लाकडं फोडली, मौनीबाबांची काख आणखी सैल केली. आणि भाच्याच्या मनात आशेला पालवी फुटू लागली. त्याला कारण झाला खिसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उन्हात उभे होते आणि त्यांचे हात आपोआप पँटच्या खिशात गेले. मामांनी खाली पाहिलं. हात बाहेर काढले, पुन्हा घातले.

"खिसा ही चीज विसरूनच गेलो होतो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं, की भाच्याला लहानपणचा मामा दिसला. गळ्यात टेप, हात खिशात, आणि खिशात त्याच्यासाठी ठेवलेल्या रंगीत बटणांचा आवाज. अंगावर पँट चढली की माणूस अर्धा घरी पोचला, असं भाच्याला मनापासून वाटलं. तो नकळत "तुम्ही"वरून "तू"वर आला. "मामा, तू साखर किती घेतोस?" मामांनीही "दोन चमचे" सांगितलं, "वत्सा" वगैरे म्हटलं नाही.

पण मुख्य प्रश्न घशातच होता. विचारायचं म्हटलं की उजवा पाय खाली दाबला जाई. आणि इकडे वेळ संपत आला होता. ढग खाली उतरू लागले होते, आणि मावशींनी सांगितलं, उद्या सकाळची बस या हंगामातली शेवटची. ती गेली की रस्ता बर्फाखाली, मग वसंतापर्यंत वरचे वर, खालचे खाली.

संध्याकाळी मामा मशीनला तेल घालत बसले होते. भाच्यानं मनातल्या मनात ब्रेकवरून पाय काढला.

"मामा, आईनं तुला एक विचारायला सांगितलंय."

"माहीत होतं. तू नुसता हवा खायला येणाऱ्यातला नाहीस."

"कायमचा घरी येतोस का? हो की नाही, एवढंच सांग. नाही म्हणालास तर ती दुकान मोबाइलवाल्याला देणार."

मामांनी तेलाची बाटली खाली ठेवली, बूच लावलं.

"नाही," ते म्हणाले.

"जरा विचार तरी कर."

"विचार करूनच इथं आलो होतो. दुकान तिचं आहे, तिनं कुणालाही द्यावं."

झालं. संपला प्रश्न. भाच्याला त्या खिशाचा फार राग आला. उगाच आशा लावली. त्यानं गुपचूप पिशवीच्या तळातून गाठोडं काढलं आणि मामांसमोर ठेवलं. "नाही म्हणालास तर द्यायला सांगितलं होतं."

मामांनी गाठोडं उघडलं नाही. आधी खिडकीशी नेलं. कडेच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एखाद्या आंधळ्यानं बोटांनी पोथी वाचावी तसा.

"टाका लांब पडलाय," ते हळूच म्हणाले. "आणि वाकडा चाललाय. सुईत दोरा कोण ओवून देतं तिला?"

"कुणी नाही. ती म्हणते, हल्ली नेढी लहान करतात."

"आणि तू?"

"मी सकाळी लवकर निघतो," भाचा म्हणाला, आणि हे बोलताना त्याला स्वतःचाच आवाज आवडला नाही.

मामांनी कात्री घेतली. दुसऱ्याचा टाका उसवायचा, म्हणून क्षणभर थांबले. मग "गाठोड्याला चालतं" असं स्वतःशीच म्हणून त्यांनी टाके कापले. आत भगव्या रंगाची घडी होती. मामांनी ती झटकली. कफनी.

भाचा बघतच राहिला. "हो" म्हटलं असतं तर परत न्यायची होती, ती ही. म्हणजे मामा नाही म्हणणार हे आईला पक्कं ठाऊक होतं. भावाच्या नकाराची तिनं आधीच कफनी शिवून ठेवली होती.

मामांनी कडेचा एक धागा काढून शेगडीत धरला, हुंगला. "सुती," म्हणाले. एवढंच. मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून कपडे बदलले आणि वळले. लांबी बरोबर. गळा बरोबर. घोळ असा पडला होता की मौनीबाबांनी पाहिला असता तर व्रत मोडलं असतं. मामांनी उजवा हात वर केला. खाली आणला. डावा हात वर केला. तो अर्ध्यातच थांबला. त्यांनी पुन्हा वर करून पाहिला. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले, खांदा उडवला, मान तिरकी केली. आरसा नव्हता, तरी वळून बघितलं. भाच्याला हे सगळं कुठंतरी पाहिल्यासारखं वाटू लागलं.

"काय झालं?"

भाच्यानं जवळ जाऊन पाहिलं. डाव्या खांद्याच्या शिवणीत कापडाची एक चुणी सापडली होती; चांगली दोन बोटांची.

"पाच मिनिटांचं काम आहे मामा. मशीन समोर आहे, तेल घातलेलं आहे."

"शिवलं कुणी?"

"आईनं."

"मग?" मामा म्हणाले.

भाच्याच्या डोळ्यांसमोर दुकानातली पाटी आली. मग त्याच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. मामा तर इथं येऊन निम्मा झालाय. आईनं जुन्या मापानं शिवली असेल तर कफनी सैल व्हायला हवी, घट्ट कशी? डोळ्यांनी दगा दिला म्हणावं, तर उजवा खांदा एवढा बिनचूक कसा? आणि मुद्दाम केलं म्हणावं, तर गाठोड्याचे ते वाकडे टाके? आई एका वेळी दोन गोष्टी शिवू शकते हे त्याला माहीत होतं. पण त्यातली कुठली अस्तर आणि कुठली वरचं कापड, हे त्याला उलगडेना.

सकाळी भाचा उठला तेव्हा मामांची झोळी दाराशी होती. ट्रॅक पँट आणि स्वेटशर्ट घडी करून भाच्याच्या पिशवीवर ठेवलेले. मशीनवर फडकं टाकलेलं. मामा डावा खांदा जरासा वर धरून पायऱ्या उतरू लागले. भाचा काही न विचारता मागून निघाला. विचारलं तर मोडेल, अशी त्याला भीती वाटत होती.

थांब्याशी मौनीबाबा उभे होते. झोळी पाहून त्यांनी उजवा हात वर केला, डावा काखेखाली नेला आणि चेहऱ्यावर जगातला सगळा अन्याय आणला.

"बर्फ वितळेपर्यंत हात वर करू नका," मामांनी त्यांना सांगितलं.

मावशींनी चहा दिला. "मग बाबा, निघालात?"

"येतो," मामा म्हणाले.

"येताना सुया आणा. मोठ्या नेढ्याच्या," मावशी म्हणाल्या.

ते "येतो" ऐकून भाच्यानं कप खाली ठेवला. असंच एक "येतो" आईला मिळालं होतं. या माणसाच्या "येतो"चा अर्थ काय घ्यायचा? खाली येतो, की वर परत येतो? बस सुटली, वळणं सुरू झाली, भाचा पायानं पत्रा दाबत राहिला आणि मामा खिडकीशी मान ताठ करून बसले. मध्येच खांदा उडवत.

दुपारी बस डोंगराच्या पायथ्याच्या गावात थांबली. मामा उठले, खाली उतरले आणि गर्दीत दिसेनासे झाले. भाच्यानं आधी वाट पाहिली. मग दारात येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. कंडक्टर म्हणाला, "तुमचे महाराज येतायत का, की पळाले?"

"ते दोरा आणायला..." भाचा म्हणाला आणि मध्येच थांबला. आपल्या तोंडून आईच बोलली, असं त्याला वाटलं. त्याचा पाय पायरीवर इतका जोरात दाबला गेला होता, की बस खरंच त्याच्यामुळे थांबली असावी.

मामा बाजाराच्या गल्लीतून आले. घाई नाही, गडबड नाही. जागेवर बसले, आणि हातातली वस्तू झोळीत टाकण्याआधी त्यांनी उजेडात धरून तिचा रंग तपासला. काजाच्या दोऱ्याचं रीळ होतं. काळं.

भाचा खिडकीबाहेर बघत राहिला, आणि बस बरीच पुढे गेल्यावर म्हणाला, "मामा, आता तरी कबूल कर. आईच्या मायेनं निघालायस ना?"

मामांनी डावा हात वर केला, तो अर्ध्यातच थांबला.

"खांद्यात ओढतंय," ते म्हणाले.